लैंगिक ओळख आणि लैंगिक गैरसमज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुपदेशनाच्या कामात मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले निम्मे 'मी नक्की कोण' असे असतात आणि निम्मे शरीराबद्दलचे. इथे दोन्ही एकत्र ठेवले आहेत, कारण स्वतःच्या लैंगिक कलाबद्दल गोंधळलेल्या माणसाचा बराचसा गोंधळ शरीराबद्दलच्या चुकीच्या माहितीतून आलेला असतो. हस्तमैथुनामुळे मी असा झालो का? पहिल्या रात्री जमलं नाही म्हणजे मी गे आहे का? नावं-गावं काढून टाकली आहेत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. लैंगिक कल आणि लिंगभाव यांत फरक काय? मला सगळं एकच वाटतं.

तुम्हाला कुणाबद्दल ओढ वाटते, कुणावर प्रेम बसतं, तो तुमचा लैंगिक कल. तुम्ही स्वतःला आतून काय समजता, म्हणजे बाई, पुरुष किंवा या दोन्हींत न बसणारी व्यक्ती, तो तुमचा लिंगभाव. आणि जन्माच्या वेळी शरीर पाहून दाखल्यावर जे लिहिलं गेलं, ती तिसरी गोष्ट. या तिन्हींचा मेळ प्रत्येकाच्या बाबतीत सारखा नसतो.

गे पुरुष स्वतःला पुरुषच मानतो आणि त्याला पुरुष आवडतात. पारलिंगी स्त्रीच्या जन्मदाखल्यावर 'मुलगा' लिहिलेलं असतं, पण ती स्त्री असते. तिला पुरुष आवडतील किंवा स्त्रिया, हा पुन्हा वेगळा प्रश्न. आंतरलिंगी व्यक्तींचं शरीरच जन्मतः स्त्री-पुरुष या ठरलेल्या साच्यात बसत नाही. हिजडा ही ओळख गुरू-चेल्याची परंपरा असलेल्या समाजाशी बांधलेली आहे, तर जोगत्यांची ओळख यल्लम्मा देवीच्या परंपरेशी. चालण्या-बोलण्यावरून, 'बायकी' हातवाऱ्यांवरून कुणाचा कल ओळखता येत नाही. शाळेत ज्याला त्यावरून चिडवलं गेलं, असा मुलगा पुढे बाईच्या प्रेमात पडलेला असतो आणि वर्गातला कबड्डीपटू गे असतो.

२. मला मुलीही आवडतात आणि मुलगेही. मी कन्फ्यूज्ड आहे का?

दोघंही आवडतात हे तुम्हाला स्पष्ट कळलंय, म्हणजे गोंधळ तुमचा नाही. याला उभयलिंगी म्हणतात. ओढ निम्मी-निम्मी असावी लागत नाही. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ मध्ये शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली, ती यासाठीच. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी अनुभव, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी आणि मध्ये पुष्कळ माणसं. आज ती मोजपट्टीही अपुरी मानली जाते, कारण शरीराची ओढ एकाची आणि प्रेमात पडणं दुसऱ्याच्या, असंही होतं.

उभयलिंगी माणूस एकाच जोडीदाराशी निष्ठावान राहू शकत नाही, हा समज मला फार अन्यायाचा वाटतो. निष्ठा हा कलाचा भाग नाही. भिन्नलिंगी नवऱ्याला रस्त्यावरची प्रत्येक बाई आवडत नसते आणि आवडली तरी तो तिच्या मागे जात नाही. तेच इथे.

३. होस्टेलवर मित्राबरोबर काही वेळा 'तसं' झालं होतं. आता माझं लग्न ठरतंय. मी गे आहे का?

झालेल्या कृतीवरून कल ठरत नाही. होस्टेल, छावणी, जहाज, तुरुंग अशा ठिकाणी भिन्नलिंगी पुरुषांचेही पुरुषांशी संबंध येतात. उलट, कुणालाही कधीही स्पर्श न केलेला मुलगा ठामपणे गे असू शकतो. म्हणूनच एचआयव्हीच्या सरकारी कार्यक्रमात 'गे' असं न म्हणता 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असा गट धरतात. त्यांतले कितीतरी जण स्वतःला गे म्हणवत नाहीत.

त्या रात्री काय झालं यापेक्षा हे पाहा: एकटे असताना मनात कोण येतं? आजवर जीव कुणावर जडला? लग्नाचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की हवंसं वाटतं की पोटात गोळा येतो? हे एका दिवसात ठरवू नका, काही महिने स्वतःकडे लक्ष द्या. उत्तर सतत पुरुषाकडेच जात असेल, तर पत्रिका छापण्याआधी प्रश्न १५ वाचा.

४. माझं वय चाळीसच्या पुढे आहे, दोन मुलं आहेत. मला बायका आवडतात हे आत्ता कळतंय. असं कसं होईल?

होतं, आणि बायकांच्या बाबतीत तर बरंच होतं. आपल्याकडे मुलीला 'तुला काय आवडतं' असं विचारण्याआधीच तिचं लग्न झालेलं असतं. नवऱ्याबद्दल ओढ वाटली नाही तर 'बायकांना तसं फारसं नसतंच' असं सांगितलं जातं आणि तीही ते खरं मानते. मग पुढे एखाद्या मैत्रिणीमुळे कळतं की ओढ म्हणजे काय. आजवरचा तुमचा संसार त्यामुळे खोटा ठरत नाही. मुलांवरचं प्रेम खरंच होतं. पुढचं पाऊल उचलण्याआधी एखाद्या जाणत्या समुपदेशकाशी बोला. पैसा, राहण्याची जागा आणि मुलं, या तिन्हींचा विचार भावनेच्या भरात होत नाही.

५. मला कुणाबद्दलच लैंगिक इच्छा होत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

पहिल्यापासून असंच असेल आणि त्याचा तुम्हाला त्रास होत नसेल, तर तुम्ही अलैंगिक असू शकता. तोही एक कल आहे. अलैंगिक माणसं प्रेमात पडतात, सोबत राहतात, काहींना मिठी हवी असते, काहींना तीही नको.

इच्छा आधी होती आणि अलीकडे गेली असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा. थायरॉईड, मधुमेह, नैराश्य, नैराश्यावरची काही औषधं, बाळंतपणानंतरचा थकवा, जोडीदाराशी सततची भांडणं, यांपैकी कशानेही इच्छा मंदावते.

६. हे कशामुळे होतं? लहानपणी वाईट प्रसंग घडला म्हणून? आईच्या पदराला धरून वाढला म्हणून? मोबाईलमुळे?

यांपैकी कशामुळेही नाही. नेमकं कारण विज्ञानाला अजून एका वाक्यात सांगता आलेलं नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 'गे जनुक' असं एकच जनुक सापडलं नाही. अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा दिसला आणि उरलेलं इतर घटकांचं. भिन्नलिंगी कल कशामुळे होतो, याचं उत्तरही तेवढंच अपुरं आहे, फक्त ते कुणी विचारत नाही.

लहानपणच्या अत्याचाराबद्दल नीट समजून घ्या. असे प्रसंग पुढे भिन्नलिंगी होणाऱ्या असंख्य मुला-मुलींच्या बाबतीत घडतात. तुमच्या बाबतीत घडला असेल तर त्याची जखम भरायला मदत जरूर घ्या, पण ती जखम आणि तुमचा कल यांची गाठ मारू नका. प्रश्न १२ ही वाचा.

७. एका डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलंय की औषधांनी आणि संमोहनाने मुलगा 'बरा' होईल. खरं आहे का?

खोटं आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तेच स्पष्ट सांगितलं. कल बदलण्याचे हे तथाकथित उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये सर्व राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. म्हणजे अशा डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.

याच नावाखाली विजेचे झटके दिले गेलेत, उलट्यांची औषधं दिली गेलीत, मांत्रिकांकडे नेऊन मारहाण झाली आहे. त्यातून कल बदलत नाही. माणूस खचतो आणि घरच्यांना 'बदललो' असं सांगायला शिकतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार समाजाच्या नीतिकल्पनांत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. नैराश्य किंवा झोप उडणं यांवर मात्र उपचार घ्यावेत. चांगला मनोविकारतज्ज्ञ त्या त्रासावर काम करेल, तुमच्या कलावर करणार नाही. पहिल्याच भेटीत हे स्पष्ट विचारून घ्या.

८. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? वीर्य पातळ होतं का? धात जाते का? त्यामुळे कल बदलतो का?

चारही प्रश्नांचं उत्तर: नाही.

शंभर थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब बनतो, हे तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. वीर्याचा रक्ताशी असा काही हिशेब नाही. एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलीटर वीर्य बाहेर पडतं. त्यात शुक्राणूंचा भाग अगदी थोडा असतो, बाकी वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथींचा स्राव. शरीर तो सतत बनवत असतं. वापरला नाही तर झोपेत बाहेर पडतो. त्याला 'स्वप्नदोष' म्हणतात, पण त्यात दोष काहीही नाही. लघवीला जोर देताना किंवा शौचाच्या वेळी चिकट थेंब येणंही बहुधा निरुपद्रवी असतं. जळजळ, पू किंवा रक्त असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. बायकांच्या बाबतीत 'अंगावरून पांढरं जाणं' हेही असंच. ते थोडंफार जातंच. खाज, दुर्गंधी किंवा रंगात बदल असेल तर तपासून घ्या.

मग अशक्तपणा का वाटतो? कारण भीती खरी असते. वीर्यनाशाच्या भीतीने थकवा, धडधड, झोप न लागणं हा त्रास आपल्या उपखंडात इतका दिसतो की डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये त्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. एसटी स्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग' म्हणून जाहिराती करणाऱ्यांचा सगळा धंदा या भीतीवर चालतो.

मराठी माणसाला ही माहिती आज नव्याने मिळतेय असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात हेच सांगत होते. वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल विचारलेल्या खासगी प्रश्नांना उत्तरं दिली, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. तेच प्रश्न आज मला मोबाईलवर येतात, तेव्हा त्या दंडाची किंमत आपण अजून मोजतोय असं मला मनापासून वाटतं.

हस्तमैथुन कधी अडचणीचं ठरतं? त्यापायी कामधंदा किंवा अभ्यास सुटत असेल, शरीराला इजा होत असेल, किंवा त्याशिवाय ताण हलकाच होत नसेल तेव्हा. तेव्हाही इलाज समुपदेशन हाच. चूर्ण नाही.

९. पहिल्या रात्री रक्त आलं नाही. ती कुमारी नव्हती का?

रक्तावरून काहीही कळत नाही. योनिपटल हा पडदा नसतो. योनीच्या तोंडाशी ती एक लवचिक कड असते. काहींमध्ये ती जेमतेम असते, काहींमध्ये इतकी ताणली जाते की बाळंतपणापर्यंत टिकते. पुष्कळ बायकांना पहिल्या वेळी रक्त येत नाही. येतं तेव्हा बऱ्याचदा कारण घाई, भीती आणि कोरडेपणा हे असतं. म्हणजे रक्त आलं तर नवऱ्याने अभिमान बाळगण्यासारखं त्यात काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला वैज्ञानिक आधार नाही असं जाहीर केलं. बलात्काराच्या तपासातली 'दोन बोटांची चाचणी' करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं. आपल्याच राज्यात कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी पहिल्या रात्री चादरीवर रक्ताचा डाग पाहण्याच्या पांढऱ्या चादरीच्या प्रथेविरुद्ध उघडपणे उभं राहून मार आणि बहिष्कार सोसला आहे. एवढं झाल्यावरही तुम्हाला प्रश्न पडला असेल, तर बायकोला विचारण्याआधी स्वतःला विचारा: तुमची चाचणी कुणी केली होती?

१०. माझा आकार लहान आहे आणि लवकर होतं. मी लग्नाला लायक आहे का?

हो. ताठर अवस्थेतली सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आहे आणि त्याच्या बरंच खाली-वर असणंही सामान्यच. तेल, कॅप्सूल, पंप यांनी आकार कायमचा वाढत नाही. वेळेबद्दल म्हणाल, तर पाच देशांतल्या जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून केलेल्या मोजणीत मधला आकडा साडेपाच मिनिटांच्या आसपास आला. तुम्ही पाहिलेल्या चित्रफिती तुकडे जोडून आणि गोळ्या घेऊन केलेल्या असतात. सतत एक-दीड मिनिटाच्या आत होत असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर त्यावर उपचार आहेत.

नव्या जागी, दारूनंतर किंवा 'आज जमलंच पाहिजे' या दडपणाखाली ताठरता न येणं यावरून कल ठरत नाही. ताठरता वारंवार येत नसेल तर साखर आणि रक्तदाब तपासा, कारण हृदयविकाराची ती आगाऊ खूण असू शकते.

११. लग्नाला वर्ष झालं, मला काहीच सुख मिळत नाही, उलट दुखतं. मी थंड आहे की लेस्बियन?

बहुतेक बायकांना फक्त आत शिरण्याने परमोच्च सुख मिळत नाही. त्यासाठी शिश्निका (क्लिटोरिस) आहे. बाहेरून ती दाण्याएवढी दिसते, पण तिचा बराच मोठा भाग आत पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या शल्यचिकित्सक हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ मध्ये तिची रचना नीट मांडली, तोवर वैद्यकाच्या पुस्तकांतही ती धड दाखवलेली नव्हती. तुमच्या नवऱ्याला ठाऊक नसेल तर नवल नाही. पण आता सांगायला हवं.

दुखण्याची कारणं वेगळी. कोरडेपणा असेल तर जास्त वेळ घ्या आणि ल्युब्रिकंट वापरा. जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ लागेल. भीतीने योनीचे स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर तो व्यायाम आणि समुपदेशनाने बरा होणारा त्रास आहे. कल कोणता हे यांपैकी कशावरूनच कळणार नाही, त्यासाठी प्रश्न ३ मधल्या कसोट्या लावा.

आणि नको असताना 'नको' म्हणायचा हक्क लग्नानंतरही तुमचाच आहे. प्रौढ पत्नीवरची जबरदस्ती आपला फौजदारी कायदा अजूनही बलात्कार मानत नाही, ही मला अत्यंत लाजिरवाणी गोष्ट वाटते. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरलेला आहे आणि त्याखाली संरक्षण मागता येतं.

१२. नको असताना कुणीतरी हात लावला, पण शरीराने प्रतिसाद दिला. म्हणजे मला ते हवं होतं का?

नाही. ताठरता येणं, ओलसरपणा येणं, अगदी परमोच्च क्षण येणं या शरीराच्या आपसूक प्रतिक्रिया आहेत, भीतीतही येतात. इच्छा मनाची असते आणि संमती शब्दांत किंवा वागण्यात दिलेली असावी लागते. जिने किंवा ज्याने अत्याचार सोसला, त्याला ही एक गोष्ट वेळेवर सांगितली गेली असती तर वर्षानुवर्षांचा अपराधीपणा वाचला असता, असं मी वारंवार पाहते.

१३. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या नात्यात नवरा कोण आणि बायको कोण?

कुणीच नाही. दोघंही जोडीदार. भांडी कोण घासणार हे तिथे बोलून ठरवावं लागतं. इतर घरांतही तसंच ठरायला हरकत नाही.

१४. गे असलं की एड्स होतोच ना?

एचआयव्ही कलामुळे होत नाही. तो असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त किंवा आईकडून बाळाला, असा होतो. भारतात लागण झालेल्यांत बहुसंख्य लोकांना ती स्त्री-पुरुष संबंधांतून झाली आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये मात्र लागणीचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आहे, हेही खरं. गुदमार्गाची त्वचा नाजूक असते आणि लपूनछपून भेटावं लागलं की कंडोम राहून जातो. म्हणून कंडोम आणि पाण्याचं ल्युब्रिकंट वापरा. तेल किंवा व्हॅसलीनने कंडोम फाटतो.

कंडोम फाटला असेल तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जाल तितकं चांगलं, सरकारी रुग्णालयात प्रतिबंधक औषध मागा. चाचणी आणि औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. माहितीसाठी १०९७ हा टोल-फ्री क्रमांक आहे. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही.

१५. घरचे म्हणतात, एकदा लग्न कर, सगळं आपोआप ठीक होईल. करू का?

नका करू. या पानावरच्या बाकी उत्तरांत मी 'बघा', 'वेळ घ्या' असं म्हटलंय. इथे म्हणणार नाही.

स्वतःला काय म्हणवायचं हे ठरवायला दहा वर्षं लागली तरी चालतील, त्यात कुणाचं नुकसान होत नाही. लग्नात मात्र दुसरं माणूस आहे. ती मुलगी तिचं गाव, कधी नोकरीही सोडून येते. महिन्यांमागून महिने नवरा पाठ करून झोपतो, तेव्हा ती आधी स्वतःच्या दिसण्याला दोष देते. मग सासू 'पाळणा कधी' विचारते. मग तिच्या तपासण्या सुरू होतात. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की या बाबतीत माझं मन मऊ होत नाही. आणि तुम्ही स्वतः? तुमची कोंडी लग्नाने दुप्पट होते. आधी फक्त आई-वडिलांपासून लपवत होता, आता शेजारी झोपणाऱ्या माणसापासूनही.

मुलींवरचा दबाव वेगळा असतो. 'नाही' म्हणणाऱ्या मुलीचा मोबाईल काढून घेतात, तिला मामाकडे पाठवतात, परस्पर बैठक ठरवतात. तुम्ही १८ पूर्ण असाल तर तुमच्या संमतीशिवाय लग्न लावता येत नाही. जबरदस्ती होत असेल तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर फोन करा. मूळ कागदपत्रं स्वतःजवळ ठेवा आणि स्वतःचं बँक खातं असू द्या.

नकार देताना कल उघड करायलाच हवा असं नाही. 'मला लग्न करायचं नाही' हे वाक्य पुरेसं आहे. ते अनेकदा म्हणावं लागेल. लेस्बियन मुलीने गे मुलाशी समजून-उमजून 'सोयीचं लग्न' करावं का, असंही विचारतात. त्यात निदान फसवणूक नसते. पण मूल, मालमत्ता, एकत्र राहणं हे सगळं आधी स्पष्ट बोललेलं नसेल, तर तेही अंगावर येतं.

१६. लग्नानंतर कळलं की नवऱ्याला पुरुष आवडतात. मी काय करू?

पहिली गोष्ट: तुमच्यात काही कमी होतं म्हणून हे झालेलं नाही आणि तुम्ही जास्त नटलात, जास्त प्रेम केलंत तरी हे बदलणार नव्हतं. दुसरी: एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांची तपासणी करून घ्या. यात आरोप नाही, काळजी आहे.

कायद्याने दोन वाटा आहेत. दोघंही समंजस असाल तर परस्परसंमतीने घटस्फोट. नाहीतर हिंदू विवाह कायद्यानुसार फसवणुकीच्या कारणावरून विवाह रद्द करण्याचा अर्ज. तो फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, म्हणून वकिलाकडे लवकर जा. कोणती वाट तुमच्या प्रकरणात टिकेल ते तोच सांगू शकेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. रागाच्या भरात नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचं गुपित फोडू नका. तुमची बाजू न्याय्य आहे, ती न्यायालयात मांडा.

१७. कायद्याने आता सगळं मान्य आहे ना?

सगळं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांमधले संमतीचे संबंध वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. याची दुसरी बाजू अशी की प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी स्वतंत्र कलम उरलेलं नाही, मारहाण वगैरे इतर कलमं लावावी लागतात. ही पोकळी भरायलाच हवी.

१५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये वेगळा कायदा झाला. समलिंगी विवाहाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही. पारलिंगी व्यक्तीला भिन्नलिंगी जोडीदाराशी सध्याच्या कायद्यांखाली लग्न करता येतं, असं त्याच निकालात म्हटलं आहे. समलिंगी जोडप्यांनी एकत्र राहणं गुन्हा नाही. संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्या खात्यावर जोडीदाराला नॉमिनी म्हणून नेमायला अडचण नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. विवाह नसल्यामुळे वारसाहक्क आपोआप येत नाही, म्हणून मृत्युपत्र करा.

१८. आई-बाबांना सांगू का? आणि आम्ही आई-बाबा आहोत, आम्हाला मुलाने सांगितलंय, आम्ही काय करू?

सांगणाऱ्यासाठी: सांगणं हे कर्तव्य नाही. घरावर पैशांसाठी अवलंबून असाल आणि मारहाणीची किंवा बाहेर काढण्याची भीती असेल, तर थांबा. आधी एक विश्वासाचं माणूस निवडा, बहुतेकदा बहीण किंवा मावशी. भांडणाच्या मध्यात सांगू नका. मुंबईतला हमसफर ट्रस्ट आणि पुण्यातला समपथिक ट्रस्ट अशा संस्था या विषयावर बरीच वर्षं काम करत आहेत. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पालकांसाठी: तुमचं मूल काल होतं तेच आज आहे. त्याने तुमच्यावर विश्वास टाकलाय. पहिल्या दिवशी काही सुचलं नाही तर 'तू आमचाच आहेस, आम्हाला समजायला वेळ दे' एवढं पुरे. 'आमचं काय चुकलं' हा प्रश्न त्याच्यासमोर नको, त्याचं उत्तर प्रश्न ६ मध्ये आहे. काकांना, शेजाऱ्यांना परस्पर सांगू नका. कुणाला आणि कधी, हे त्याने ठरवायचं. समलिंगी मुलांच्या पालकांचा 'स्वीकार' हा गट मुंबईत सुरू झाला. तिथे तुमच्यासारखीच माणसं भेटतील. रडू येणं स्वाभाविक आहे, ते त्या गटात मोकळं करा.

१९. मी १६ वर्षांचा आहे. माझं एकावर प्रेम आहे. आम्ही काही केलं तर गुन्हा आहे का?

प्रेम वाटणं, कल ओळखणं, त्याबद्दल वाचणं, समुपदेशकाशी बोलणं, यांत गुन्हा नाही. पण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती धरली जात नाही, मुलगा असो वा मुलगी. म्हणून शारीरिक संबंध १८ च्या आधी नकोत. गुन्हा घडल्याचं कळलं तर डॉक्टरांना आणि समुपदेशकांनाही पोलिसांना कळवावं लागतं, हे बोलण्याआधी माहीत असू द्या. मोठं माणूस 'आपलं गुपित' म्हणून तुमच्याशी काही करत असेल किंवा फोटो मागत असेल, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. दोष तुमचा नसेल.

२०. डेटिंग ॲपवरून भेटलेला माणूस 'घरी सांगेन' म्हणून पैसे मागतोय.

देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. ही खंडणी आहे आणि गुन्हेगार तो आहे. चॅट, क्रमांक, पैशांच्या व्यवहाराचे स्क्रीनशॉट काढा, मगच त्याला ब्लॉक करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पोलिसांत एकटे जाऊ नका, वकील किंवा संस्थेचा माणूस सोबत घ्या. ठाण्यात कुणी 'तुम्हीच गुन्हा केलाय' असं घाबरवलं, तर प्रश्न १७ मधली ६ सप्टेंबर २०१८ ही तारीख लक्षात ठेवा. पुढच्या वेळी पहिली भेट गर्दीच्या हॉटेलात ठेवा आणि कुठे जाताय हे एका मित्राला सांगून जा.

२१. मी लेस्बियन आहे असं सगळ्यांना सांगितलं. आता एक मुलगा आवडतोय. मी खोटी ठरले का?

नाही. तेव्हा जे माहीत होतं ते तेव्हा खरं सांगितलंत. काहींच्या बाबतीत ओढ काळानुसार थोडी सरकते, काहींना आधीच असलेला एक कोपरा उशिरा दिसतो. दोन्ही घडतं. यावरून 'बघा, बदलता येतं' असं घरचे म्हणतील. त्यांना सांगा की आपणहून सरकणं आणि कुणीतरी ओढून बदलणं यांचा संबंध नाही. प्रश्न ७ दाखवा. मैत्रिणींना लगेच खुलासा द्यायलाही तुम्ही बांधील नाही. त्या मुलाला मात्र तुमची पूर्ण गोष्ट सांगा, आणि नवं नाव लावायची गरज वाटत नसेल तर लावू नका.